दोन ताव, तीस दिवस: घरच्या घरी जलरंगाचा नेम कसा लावावा

माझी चित्रकला इंटरमिजिएटच्या परीक्षेला थांबली. बी ग्रेड, स्मरणचित्रात जत्रा, जत्रेत पाळणा, पाळण्यात सगळी माणसं एकाच चेहऱ्याची. त्यानंतर बावीस वर्षांनी, बँकेत बढती मिळाली त्या आनंदात, मी चोवीस ट्यूबांचा रंगसंच घेतला आणि १ जानेवारीला जाहीर केलं की वर्षभर रोज एक चित्र. पहिल्या दिवशी थेट आमच्या कोल्हापूरचा भवानी मंडप काढायला बसले. तीन तास गेले, कमानी एकमेकींशी भांडल्यासारख्या दिसत होत्या. पाचव्या दिवशी वर्ष संपलं.

दुसऱ्या खेपेला शंभर दिवस ठरवले, सतराव्या दिवशी बारगळले. पण त्या वेळी रोज दोन ओळी लिहिण्याची सवय ठेवली होती. नंतर ती वही चाळली, तर शेवटच्या आठवड्यातल्या नोंदी जवळजवळ एकसारख्या: "९.५० वाजले. काय काढायचं ते ठरेना. उद्या." रंग होते, कागद होता, अर्धा तासही होता. वेळ जायचा तो ठरवण्यात. विषय कुठला, कागद केवढा, रंग कुठले, आधी पेन की आधी रंग? दिवसभर काउंटरवर बसून आल्यावर एवढे निर्णय घ्यायची ताकद कोणात असते?

म्हणून तिसऱ्या खेपेला सगळं आधी ठरवून टाकलं आणि मग सुरुवात केली. तीस दिवसांत दोन खाडे पडले, पण नेम पार पडला. त्यानंतर असे चार नेम झाले. खाली लिहिते आहे ती त्याची पद्धत. तुम्ही शाळेनंतर ब्रश हातात धरलेला नसेल तर तुमच्यासाठीच आहे. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून शिकून आला असाल तर चहा घ्या आणि माझ्या चुका काढा.

आधी जमवायचं साहित्य

- ३०० जीएसएमचा कोल्ड प्रेस जलरंगाचा कागद: दोन पूर्ण ताव (२२ × ३० इंच)
- साधी कोरी वही, पेन्सिलच्या सरावासाठी
- पेन्सिली: एक एचबी, एक ४बी, खोडरबर
- पाण्याने न पसरणाऱ्या शाईचं एक पेन
- सहा ट्यूब, प्रत्येकी ५ मिलीची (कुठल्या ते पुढे येईल)
- गोल ब्रश दोन: ४ नंबर आणि १० नंबर; एक इंची चपटा ब्रश एक
- दोन काचेच्या बरण्या, एक पांढरी चिनी मातीची बशी, जुन्या सुती साडीचा किंवा पंच्याचा तुकडा
- मास्किंग टेप, कागद चिकटवायला एक पाट किंवा जाड पुठ्ठा
- झाकणाचा एक लहान डबा, चिठ्ठ्यांसाठी

देशी कागद आणि देशी रंग घेऊन माझं हे सगळं बाराशे रुपयांच्या आत बसलं. ईझल, बारा ब्रशांचा रोल, चामड्याच्या वेष्टनातली स्केचबुक यांच्या वाटेला आत्ता जाऊ नका. स्केचबुक जितकी देखणी, तितका पहिल्या पानावर हात थरथरतो.

१. आकडा ठरवा आणि मग तो कापा

तीसच दिवस. शंभर नको, वर्ष तर नकोच. आणि रोज वीसच मिनिटं, मोबाइलवर गजर लावून. गजर झाला की ब्रश खाली, चित्र अर्धं असलं तरी.

ही अट पाळताना जीव खालीवर होतो. रंगात आलेलं काम कोण सोडतं? पण आज दीड तास बसलात, तर उद्याच्या मनात "आता पुन्हा दीड तास" हे ओझं तयार होतं. माझा शंभर दिवसांचा नेम असाच बुडाला. रविवारी हौसेने दोन तास दिले, की सोमवारी बसायची भीती वाटायची.

वेळही एकच ठेवा. माझी रात्री जेवणं झाल्यावरची आहे, त्यामुळे एक अडचण सुरुवातीलाच सांगते. पिवळ्या दिव्याखाली पिवळा रंग दिसतच नाही. लिंबू रंगवलं, सकाळी पाहिलं तर भडक हळद. टेबलावर पांढऱ्या उजेडाचा एलईडी लावला तेव्हा कुठे सुटका झाली. उजव्या हाताने काढत असाल तर दिवा डावीकडे ठेवा, नाहीतर हाताची सावली नेमकी ब्रशाच्या टोकावर पडते.

२. कागद आधीच फाडून ठेवा

दुकानात फक्त "ड्रॉइंग पेपर द्या" म्हणालात तर कार्ट्रिज मिळेल. इंटरमिजिएटला मिळायचा तोच. पेन्सिलला तो छान, पण भरपूर पाणी घातलं की त्याचा पापड होतो आणि दोनदा ब्रश फिरवला की वर लव सुटते. नवख्या माणसाला वाटतं आपल्याला जमत नाही. खरं तर नव्वद टक्के वेळा गुन्हेगार कागद असतो. रंगात काटकसर करा, ब्रशात करा, कागदात करू नका.

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ३०० चा कागद टेपने चिकटवला की बऱ्यापैकी सपाट राहतो. कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खरबरीत. हॉट प्रेस गुळगुळीत असतो, त्यावर पाणी घसरतं. तो नंतर कधीतरी. शंभर टक्के सुती कागद पाणी जास्त वेळ धरून ठेवतो आणि चूक पुसू देतो, पण महाग असतो. माझा सल्ला असा की एक ताव साध्या लगद्याचा आणि एक सुती घ्या. दोन्हींत पाणी किती वेगळं वागतं हे हाताला कळणं हाच एक धडा आहे. पुण्यात १९४० पासून हातकागद संस्था आहे, तिथला चिंध्यांचा कागद काहींना फार आवडतो. कुठलाही हातकागद घेताना मात्र त्याला खळ नीट दिलेली आहे ना, हे कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. थेंब वर बसून राहिला तर घ्या. टीपकागदासारखा लगेच शोषला गेला तर तो कागद पत्र लिहायला ठेवा.

आता फाडणं. ताव मधोमध घडी घालून फाडायचा, त्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे, असं चार वेळा केलं की साडेपाच बाय साडेसात इंचांचे सोळा तुकडे होतात. दोन तावांचे बत्तीस. घडीवर चमच्याची पाठ दाबून फिरवा, घडी उलटी घालून पुन्हा फिरवा, मग स्टीलची पट्टी दाबून धरा आणि सावकाश फाडा. पोस्टकार्डाच्या साधारण दुप्पट हा आकार वीस मिनिटांत आवाक्यात येतो. तीसांपैकी सहा दिवस साध्या वहीत जाणार आहेत, म्हणजे चोवीस तुकडे नेमाला आणि आठ वाया घालवायला. हे आठ मुद्दाम वेगळे ठेवा. "बिघडला तर बिघडला" म्हणायला कागद हाताशी असला, की हात मोकळा चालतो.

कोकणात किंवा आमच्या कोल्हापुरात पावसाळ्यात नेम लावणार असाल, तर तुकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून कपाटात ठेवा. ओल लागली की खळ जाते आणि रंगात ठिपके ठिपके उठतात. माझ्या एका तावाला बुरशीचा वास येऊ लागला तेव्हा मला हे कळलं.

३. सहा रंग ठेवा, बाकीचे माळ्यावर

लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, क्रिमसन, अल्ट्रामरीन ब्लू, प्रशियन ब्लू. काळा नाही, पांढरा नाही, तयार हिरवाही नाही.

लेमन यलो आणि प्रशियन ब्लू मिळून उसाच्या कोवळ्या पात्याचा हिरवा होतो. ऑकर आणि अल्ट्रामरीन मिळून धुळीने माखलेल्या रस्त्याकडेच्या झाडाचा. क्रिमसनमध्ये पिवळा घातला की टोमॅटो. सगळ्यात कामाची जोडी म्हणजे अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. निळा जास्त पडला तर पावसाळी ढग, तपकिरी जास्त पडला तर जुनं लाकूड, दोन्ही दाट घेतले तर जवळजवळ काळा. ट्यूबमधला काळा चित्राला भोक पाडल्यासारखा दिसतो, हा काळा तसा दिसत नाही.

देशी रंगांत कॅमलचे सगळ्यांनी शाळेत वापरलेले असतात. १९३१ साली दांडेकरांनी मुंबईत शाईपासून सुरू केलेला हा कारखाना. त्यांच्या विद्यार्थ्यांसाठीच्या ट्यूब आणि कलाकारांसाठीच्या ट्यूब वेगळ्या असतात. परवडत असेल तर निदान दोन निळे दुसऱ्या प्रकारातले घ्या, फरक तिथे जास्त जाणवतो. क्रिमसन लेक उन्हात फिका पडतो, तेव्हा तो वापरलेलं चित्र खिडकीसमोर टांगू नका.

ट्यूबमधले रंग नेमाच्या आदल्या दिवशीच बशीच्या कडेला काढून ठेवा. वाटाण्याएवढा एकेक, मध्ये बोटभर जागा सोडून. रात्री वाळले तरी चालतात, पाण्याचा थेंब टाकला की पुन्हा जागे होतात. वाळून तडकत असतील तर ग्लिसरीनचा एक थेंब मिसळा. कोणी मध घालायला सांगतं. मी घातला होता. सकाळी बशीत मुंग्यांची जत्रा, इंटरमिजिएटच्या चित्रापेक्षा बरी.

प्लॅस्टिकची नवी पॅलेट घेतली असेल तर रंग तिच्यावर थेंबाथेंबांत फुटून पळतो. थोडी टूथपेस्ट लावून घासा, मग नीट पसरतो. चिनी मातीच्या बशीला हा त्रास नाही.

४. चिठ्ठ्यांचा डबा

माझ्या मते सगळ्या पद्धतीचा जीव इथे आहे. एका रविवारी तासभर बसा आणि पंचवीस चिठ्ठ्या लिहा. प्रत्येकीवर एक वस्तू, घरात किंवा खिडकीतून खरोखर दिसणारी. माझ्या डब्यातल्या काही: लसणाचा गड्डा. अर्धं चिरलेलं लिंबू. कुलूप आणि किल्ली. गुळाचा खडा. दारातल्या चपलांचा जोड. गॅसची शेगडी, एकच बर्नर. केरसुणी. भरल्या वांग्याचं वांगं. दोरीवरचा टॉवेल. सासऱ्यांचा चष्मा. इस्त्री. पाण्याची टाकी आणि तिच्यावरचा कावळा (कावळा आला तर).

"निसर्ग", "आनंद", "एकटेपणा" असल्या चिठ्ठ्या टाकू नका. त्यांच्यामुळे विचार सुरू होतो आणि विचार सुरू झाला की ९.५० वाजतात. "समई" चालेल, "दिवाळी" चालणार नाही.

जगभर अशा याद्या तयार मिळतात. अमेरिकन चित्रकार जेक पार्कर यांनी २००९ साली ऑक्टोबर महिन्याचा शाईचा उपक्रम सुरू केला, इंकटोबर. त्यातही रोज एक शब्द दिलेला असतो. मीही एक वर्ष करून पाहिला. पण ते शब्द बहुतेक मनाने रचायच्या चित्रांना सोयीचे. समोर बघून काढायला शिकायचं असेल तर शब्दामागे वस्तू हवी, हात लांबवून उचलता येईल अशी.

नियम दोनच. उघडलेली चिठ्ठी परत टाकायची नाही, आठवड्यातून एकदाच बदलायची मुभा. आणि उद्याची चिठ्ठी आज रात्री, ब्रश धुतल्यावर उघडायची. मग दुसऱ्या दिवशी भाजी चिरताना तुमचं लक्ष आपोआप लसणाच्या पाकळ्यांवरच्या जांभळ्या रेघांकडे जातं. बसायच्या आधीच निम्मं बघून झालेलं असतं.

५. पहिला दिवस: फुलपात्र

पहिल्या दिवशी चिठ्ठी नाही. सगळ्यांना एकच विषय: स्टीलचं फुलपात्र, अर्धं पाणी भरलेलं. चांगल्या कागदावर, पेन्सिल आणि रंग, जमेल तसं. वाईट येणार. मागे तारीख घाला, पाकिटात बंद करा आणि पाकीट कपाटाच्या तळाशी टाका. त्याचं काम तिसाव्या दिवशी.

६. दुसरा ते सातवा दिवस: रंगाला हात लावायचा नाही

साधी वही, पेन्सिल, पेन. पहिले दोन दिवस वस्तूवरची नजर न हलवता, कागदाकडे न बघता, पेन न उचलता कड काढा. चष्म्याची एक काडी कानात जाण्याऐवजी आभाळात जाईल, जाऊ दे. डोळ्याचा आणि हाताचा वेग एक करण्याचा हा सराव आहे. त्यातून आलेल्या रेषेत जी जान असते, ती खोडरबर घेऊन काढलेल्या रेषेत येत नाही.

नंतरचे चार दिवस छटा. डोळे बारीक करून वस्तूकडे बघा. तपशील विरघळतात आणि तीनच गोष्टी उरतात: उजेड, मधला करडा, गडद. आगपेटीएवढी चौकट आखा आणि ४बी पेन्सिलने या तीनच छटा भरा. उजेड म्हणजे कोरा कागद. एका बैठकीत अशा दोन-तीन चौकटी होतात. कंटाळवाणं आहे, कबूल. पण नवख्यांची जलरंगातली चित्रं फिकी आणि सपाट का दिसतात? गडद जागा गडद करायची भीती वाटते म्हणून. "जलरंग म्हणजे फिकटच" असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात सा. ल. हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' पाहावं. हातात दिवा घेतलेली बाई, तिच्या बोटांमधून झिरपणारा लाल उजेड, मागे दाट अंधार. ते सगळं जलरंगात आहे. मागचा अंधार दाट आहे म्हणून ती ज्योत पेटलेली वाटते.

पेनाची शाई याच आठवड्यात तपासून घ्या. वहीत रेघ मारा, दोन मिनिटं थांबा, ओला ब्रश फिरवा. निळी धूळ उडाली तर ते पेन चेक लिहायला ठेवा. जेल पेनांनी मला तीनदा फसवलं आहे.

७. आठवा ते चौदावा दिवस: पाण्याची ओळख

या आठवड्यात एकच रंग, बर्न्ट सिएना किंवा अल्ट्रामरीन. कागद चारही बाजूंनी टेपने पाटावर चिकटवा, पाटाखाली वरच्या बाजूला एखादं जाड पुस्तक सरकवा, म्हणजे थोडा उतार येतो.

रंगाचा दाटपणा शब्दांत सांगणं अवघड, पण आपलं स्वयंपाकघर कामी येतं. सार, आमटी, पिठलं. साराइतका पातळ रंग आभाळाला आणि पहिल्या हाताला. आमटीसारखा मधल्या छटांना. पिठल्याएवढा दाट शेवटच्या गडद जागांना. क्रमही तोच ठेवा: आधी पातळ, मग दाट. उलट केलंत तर खालचा रंग उचलला जाऊन सगळं मळतं.

आठव्या आणि नवव्या दिवशी फक्त सपाट वॉश द्या. चपटा ब्रश भरून वरून आडवा पट्टा ओढा, खाली रंगाची ओळंबलेली कड तयार होते. पुढचा पट्टा त्या कडेला जरासा स्पर्श करून. ती कड तुटू द्यायची नाही. शेवटी साठलेलं पाणी पिळलेल्या ब्रशाने टिपून घ्या. मध्येच "इथे जरा फिकं राहिलं" म्हणून मागे गेलात की संपलं. तिथे डाग पडतो आणि तो डाग झाकायला तुम्ही तिसऱ्यांदा जाता.

उरलेले पाच दिवस चिठ्ठीतली वस्तू त्याच एका रंगात, तीन दाटपणांत.

आणि कागदाची चकाकी वाचायला शिका. नुकता रंग दिलेला कागद तिरका धरून पाहिला तर आरशासारखा चमकतो. त्या वेळी दुसरा रंग सोडला तर तो मुक्त पसरतो. थोड्या वेळाने चमक मंदावते, ओल असते पण झगमग नसते. तेव्हा सोडलेला दाट रंग थोडाच पसरतो आणि कड मऊ राहते. हीच वेळ पकडायची असते. याच वेळी ब्रशात रंगापेक्षा पाणी जास्त असेल, तर ते पाणी खालच्या रंगाला ढकलत नेतं आणि कोबीच्या पानासारखी दातेरी कड उठते. चमक पूर्ण गेली आणि कागद बोटाच्या पाठीला गार लागतोय, तर हात मागे. वाळला की पुढचं.

पुण्या-नागपूरकडे मे महिन्यात चमक मिनिटभरात उडते, जुलैत आमच्याकडे अर्धा तास हलत नाही. उन्हाळ्यात आधी कागदावर पाण्याचा हात फिरवा. पावसाळ्यात हेअर ड्रायर वापरा, पण हातभर लांबून आणि चमक गेल्यावरच. ओल्या रंगावर जोराची हवा मारली तर रंग लाटेसारखा एका कडेला जाऊन बसतो.

८. पंधरावा ते एकविसावा दिवस: सगळे रंग (आणि एक वांगं)

या आठवड्यात सहाही रंग. एक चित्र सविस्तर सांगते, बाकीची त्याच वाटेने जातात.

माझी सोळाव्या दिवसाची चिठ्ठी वांग्याची होती. वांगं पांढऱ्या कागदावर ठेवलं, दिवा डावीकडे. पेन्सिलने कड काढली, देठाच्या टोपीची पाच टोकं काढली. वांग्याच्या पोटावर दिव्याचं लांबट पांढरं प्रतिबिंब होतं, त्याची अगदी पुसट रेघ. ही जागा कोरी राहणार होती, कारण आपल्याकडे पांढरा रंग नाही. जलरंगात पांढरं आधी राखून ठेवावं लागतं, नंतर मिळत नाही.

बशीत अल्ट्रामरीन आणि क्रिमसन मिसळून आमटीएवढा जांभळा केला, निळा जरा जास्त. १० नंबरचा ब्रश भरून घेतला आणि त्या पांढऱ्या जागेला वळसा घालून सगळं अंग एका दमात रंगवलं. टोपी आणि अंग यांच्यामध्ये ज्वारीच्या दाण्याएवढी कोरडी फट सोडली. ती फट नसती तर हिरवा जांभळ्यात उतरून तपकिरी झाला असता. चमक मंदावताना ब्रश पिळून त्याच मिश्रणात बर्न्ट सिएनाचा टिपका घातला, पिठल्याएवढं दाट केलं आणि उजव्या, खालच्या बाजूला नुसतं टेकवलं. घासलं नाही. रंग आपणहून वर सरकला आणि वांग्याला पोट आलं.

मग चार मिनिटं हात मांडीवर. ही चार मिनिटं मला वीस मिनिटांतली सगळ्यात अवघड वाटतात. नंतर टोपीला लेमन यलो आणि प्रशियन ब्लू, त्यात कणभर सिएना, म्हणजे हिरवा प्लॅस्टिकचा दिसत नाही. शेवटी सावली: अल्ट्रामरीन आणि सिएनाचं सार, एका फटकाऱ्यात, वांग्याच्या खालच्या कडेला लागून. कड अजून जराशी ओली होती, म्हणून जांभळ्याचा एक ओघळ सावलीत उतरला. वाटलं बिघडलं. सकाळी पाहिलं तर चित्रात तीच एक जागा खरी दिसत होती. बाकी वांगं मात्र रात्री वाटलं होतं त्याहून फिकं झालं होतं. जलरंग वाळला की उतरतोच, तेव्हा ओला असताना थोडा जास्त गडद वाटेल इतका द्या.

गढूळपणाचं कारण बहुतेक वेळा बरणीत असतं. एक बरणी ब्रश धुवायला, दुसरी स्वच्छ पाणी घ्यायला. दोन्हींत ब्रश बुडवू लागलात की पिवळा गेला. आणि एका मिश्रणात तीनपेक्षा जास्त रंग नकोत.

९. बाविसावा ते अठ्ठाविसावा दिवस: एकच जागा

सात दिवस एकच दृश्य. खिडकीतून दिसणारं काहीही चालेल, वेळ वेगवेगळी चालेल, जागा बदलायची नाही.

हे मी आमच्या गावाकडून उचललं. आबालाल रहिमान (१८६० ते १९३१), शाहू महाराजांच्या पदरी असलेले चित्रकार, जे. जे.त शिकून कोल्हापूरला परतले आणि कोटितीर्थाच्या परिसरात राहिले. ते तळं, तो काठ, तो उजेड त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवला. लांब कुठे जायची त्यांना गरज पडली नाही. कोल्हापूरला आलात तर टाउन हॉलच्या संग्रहालयात आणि राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयात एक दुपार काढा. छापील चित्रात कागदाचा पोत दिसत नाही, मूळ चित्रात दिसतो.

मी रंकाळा तलावातला दगडी संध्यामठ धरला, घरापासून दहा मिनिटांवर. पहिल्या दोन दिवशी मी दगडी खांब मोजत होते. तिसऱ्या दिवशी खांब पाठ झाले आणि पाण्यातलं प्रतिबिंब मठापेक्षा गडद असतं, हे दिसलं. पाचव्या दिवशी मठ चार फटकाऱ्यांत झाला आणि सगळा वेळ आभाळाला देता आला. रोज नवी जागा धरली असती तर मी सातही दिवस खांबच मोजले असते.

बाहेर बसणार असाल तर पाण्याची बाटली, घडीचा स्टूल, टेप लावलेला पाट आणि चार चिमटे एवढंच न्या. कागदावर थेट ऊन पडू देऊ नका, डोळे दिपतात आणि सगळं चित्र गरजेपेक्षा गडद होतं. लोक येऊन मागे उभे राहणारच. "आमच्या पोराचं पण काढून द्या की" याला माझं ठरलेलं उत्तर आहे: "अजून माणसांपर्यंत पोचले नाही, काका."

१०. खाडा पडला तर

पडतो. पहिल्या दोन्ही खेपांना मी एकच चूक करत होते: बुडालेल्या दिवसाची भरपाई. आज दोन, उद्या तीन, परवा काहीच नाही. खाडा पडला तर कागदाच्या एका तुकड्यावर नुसती तारीख घाला आणि तो कोरा तुकडा गठ्ठ्यात लावा. दुसऱ्या दिवशी नेहमीची चिठ्ठी. लागोपाठ दोन कोरे मात्र नकोत. ताप असो, पाहुणे असोत, मार्च अखेर असो, दुसऱ्या दिवशी निदान पाच मिनिटं पेन्सिलने एक लिंबू.

स्टेटसला चित्र टाकायचं का? तीस दिवस संपेपर्यंत टाकू नका. मी टाकत असे, आणि नकळत लोकांना आवडेल ते काढू लागले. सूर्यास्त, नारळाची झाडं, होडी. आमच्या घराच्या खिडकीतून होडी दिसत नाही.

प्रत्येक चित्राच्या मागे तीन गोष्टी लिहा: तारीख, किती मिनिटं लागली, आणि आज काय चुकलं ते एका ओळीत. "आभाळ ओलं असताना झाड काढलं." "सावली निळी केली, होती जांभळट." काय छान आलं ते लिहायला जाऊ नका, ते पुढून दिसतंच.

११. एकोणतिसावा आणि तिसावा दिवस

एकोणतिसाव्या दिवशी मनाला येईल ते. माझ्या अनुभवात या मोकळ्या दिवसाचं चित्र सगळ्यात वाईट येतं. चिठ्ठीची सवय झालेली असते.

तिसाव्या दिवशी पुन्हा फुलपात्र. तेच, तेवढंच पाणी, तोच दिवा. पाकीट आधी उघडायचं नाही. वीस मिनिटं झाली, गजर वाजला, कागद वाळला, की मग पाकीट काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा.

माझ्या पहिल्या फुलपात्राचा काठ डावीकडे कललेला होता. तिसाव्याचाही डावीकडेच कललेला आहे, अगदी तेवढाच. पण दुसऱ्यात पाणी आहे. पुढच्या नेमाच्या डब्यात मी सात चिठ्ठ्या नुसत्या गोल काठांच्या टाकल्या: वाटी, कप, बादली, परात, तांब्या, कुंडी, कढई.